लक्ष्मीपुरीची सुटी कडधान्ये आणि आमचा रविवारचा रस्सा

गेल्या दिवाळीनंतर माझ्या यजमानांच्या कारखान्यातील जादा पाळ्या बंद झाल्या आणि घरखर्चाची वही घेऊन आम्ही दोघे बसलो, तेव्हा वहीतला सर्वांत मोठा आकडा किराण्याचा किंवा विजेच्या बिलाचा नव्हता, तर मटण, कोंबडी आणि अंड्यांचा होता. कोल्हापुरात बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे खाण्याचे वार मानले जातात. आमच्या पाच माणसांच्या घरात रविवारी किलोभर मटण, बुधवारी किलोभर कोंबडी आणि शुक्रवारी अंड्यांचे कालवण असा वर्षानुवर्षांचा शिरस्ता होता. मटण 800 रुपये किलो आणि कोंबडी 240 रुपये किलो या दराने हा खर्च महिन्याला साडेचार हजारांच्या पुढे जात होता. मटणाचा दर हा या शहरात किती जिव्हाळ्याचा विषय आहे, हे 2019 च्या अखेरीस सर्वांनी पाहिले आहे. दरवाढीविरुद्ध तेव्हा कोल्हापूरकर रस्त्यावर उतरले होते. आम्हांला महिन्याला किमान दोन हजार रुपये वाचवणे भाग होते, आणि तसे करताना वाढत्या वयाच्या दोन मुलांच्या ताटातले पोषण कमी होऊ द्यायचे नव्हते.

त्यासाठी गेले आठ महिने मी लक्ष्मीपुरीतील धान्याच्या पेठेतून सुटी कडधान्ये घेत आहे. हा अभिप्राय त्या खरेदीविषयी आणि त्या मालाचे आमच्या स्वयंपाकघरात काय झाले याविषयी आहे. एखाद्या विशिष्ट दुकानाची शिफारस मी करत नाही, कारण मी चार-पाच दुकानांतून माल घेतला आणि प्रत्येक दुकानाची एखादी जिन्नस चांगली असते असा माझा अनुभव आहे.

पेठेत जायला लागण्याआधी मी सोपा मार्ग धरला होता. एका घरपोच किराणा सेवेकडून मटकी, मसूर आणि काळ्या वाटाण्याची पाकिटे मागवली. पाकिटे देखणी होती आणि दरही फार वेगळा नव्हता. मटकी रात्री भिजत घातली, सकाळी पंचात बांधली आणि दुसऱ्या दिवशी गाठोडे सोडले तेव्हा जवळजवळ एक तृतीयांश दाणे जसेच्या तसे, खड्यासारखे राहिले होते. अशा दाण्याला आपण गणंग म्हणतो. मी हाताने निवडून काढले तरी काही उसळीत गेलेच, आणि पहिल्या दोन घासांतच सासूबाईंच्या दाढेखाली एक गणंग आला. त्यांची दाढ आठवडाभर दुखत होती. तक्रार केल्यावर, पाकिटावरची मुदत अजून संपलेली नाही, एवढेच उत्तर मिळाले. तेव्हा माझ्या लक्षात आले की पाकिटावर माल भरल्याची तारीख असते, पीक निघाल्याची नसते. उष्ण आणि दमट जागी महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या कडधान्याचे दाणे कडक होत जातात. ते मग कितीही भिजवले तरी नीट फुगत नाहीत आणि कितीही शिट्ट्या केल्या तरी मऊ शिजत नाहीत. अशा मालावर गॅस जास्त जळतो, वेळ जातो आणि घरातली माणसे कडधान्यालाच नावे ठेवू लागतात. मांसाहार कमी करण्याचा पुष्कळ घरांतला बेत याच टप्प्यावर मोडत असावा असे मला वाटते, आणि म्हणून कडधान्य कोठून आणि केव्हा घ्यावे हा प्रश्न ते कसे रांधावे या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा आहे.

लक्ष्मीपुरीत माल उघड्या पोत्यांत असतो, आणि या खरेदीचा सर्वांत मोठा गुण तोच आहे. हात घालता येतो, दाणा तळहातावर घेऊन पाहता येतो, वास घेता येतो. ज्या वयस्कर दुकानदारांकडून मी मसूर घेते त्यांनी पहिल्या दिवशीच मला दोन पोत्यांतून एकेक मूठ काढून कागदावर शेजारी शेजारी ठेवली. एका मुठीतला दाणा फिकट तपकिरी आणि तुकतुकीत होता. दुसरीतला काळपट, निस्तेज आणि सालीला बारीक सुरकुत्या पडलेला. "वैनी, ह्यो यंदाचा न्हाई, मागल्या सालचा हाय. स्वस्त लावतो, पर रस्स्याला नगा नेऊ, भरडून पिठाला न्या," असे त्यांनी स्वतःहून सांगितले. त्यानंतर त्यांनी नव्या मसुरीचे चार दाणे पाण्याच्या पेल्यात टाकले आणि ते तळाशी बसलेले दाखवले. भुंग्याने पोखरलेला दाणा हलका होऊन वर तरंगतो, ही गोष्ट माझी आजीही सांगत असे, पण दुकानात उभे राहून कोणी दाखवली नव्हती. तेव्हापासून मी प्रत्येक ठिकाणी "काका, यंदाचं आहे का?" हा एकच प्रश्न आधी विचारते, आणि उत्तर देताना दुकानदार किती घुटमळतो त्यावरून घ्यायचे की नाही ते ठरवते.

हंगाम माहीत असला की ही खरेदी अधिक सोपी होते. मटकी, मूग, उडीद, चवळी ही खरिपाची कडधान्ये दसरा-दिवाळीच्या सुमारास बाजारात नवी येतात. मसूर आणि हरभरा ही रब्बीची पिके फाल्गुन-चैत्रात येतात. त्यामुळे मी आता मसूर चैत्रात आणि मटकी दिवाळीच्या आगेमागे जास्त घेते. सालपटासह असलेली आख्खी मसूर मला यंदा चैत्रात 96 रुपये किलोने मिळाली, मटकी 130 रुपयांनी, हुलगा (कुळीथ) 90 रुपयांनी आणि काळा वाटाणा 150 रुपयांनी. मसुरीत दोन प्रकार मिळतात. मोठ्या, एकसारख्या दाण्याची मसूर पुष्कळदा कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियातून आलेली असते. लहान दाण्याची जवारी, म्हणजे गावठी, मसूर बेळगावकडची म्हणून विकली जाते आणि किलोमागे पंधरा-वीस रुपये महाग पडते. मी दोन्ही वापरून पाहिल्या. शिजल्यावर जवारी मसुरीचा दाणा फुटत नाही आणि चवीला ती अधिक गोडसर लागते, म्हणून रविवारच्या रस्स्यासाठी मी तीच घेते. रोजच्या आमटीला मोठी मसूर पुरेशी आहे.

आता त्या रविवारच्या रस्स्याविषयी सविस्तर लिहिले पाहिजे, कारण आमच्या घरात सगळा बेत त्याच्यावर टिकून आहे. मटण कमी करायचे म्हटल्यावर आमच्या घरातल्या माणसांना नेमके काय हुकले, हे मी पहिले काही आठवडे बारकाईने पाहिले. माझ्या मुलाला फोडींपेक्षा तांबड्या रस्स्याची वाटी अधिक प्रिय होती. यजमानांना रविवारी दुपारी घरभर सुटणारा कांदा-खोबरे भाजल्याचा वास हवा होता. सासूबाईंना भाकरी कुस्करण्यासाठी दाट, तवंग असलेले कालवण हवे होते. या तिन्ही गोष्टी मटणातून येत नाहीत. त्या आमच्या वर्षाच्या कांदा-लसूण चटणीतून आणि वाटणातून येतात. उन्हाळ्यात संकेश्वरी आणि ब्याडगी मिरच्या वाळवून, कुटून, वर्षभरासाठी बरणीत दाबून भरलेली ती चटणी आमच्या घरात आधीच होती. कमतरता फक्त त्या रस्स्यात धरून राहील आणि दाताखाली येईल अशा एखाद्या जिनसेची होती.

आख्खा मसूर ही आपल्या भागाची जुनी ओळखीची चीज आहे. पुणे-बेंगळुरू महामार्गावर इस्लामपूर-पेठ नाक्याच्या परिसरात निव्वळ आख्खा मसूर आणि रोटी खाण्यासाठी गाड्या थांबतात, आणि त्यांतले कित्येक लोक एरवी मटण खाणारेच असतात. मी घरी पाच माणसांसाठी 400 ग्रॅम मसूर घेते. ती तासभर कोमट पाण्यात भिजवते आणि कुकरमध्ये मीठ घालून दोनच शिट्ट्या करते, म्हणजे दाणा शिजतो पण मोडत नाही. दुसरीकडे दोन मोठे कांदे आणि अर्धी वाटी सुके खोबरे थेट आचेवर भाजून, त्यात तीळ, चमचाभर खसखस, आले, लसूण आणि कोथिंबीर घालून पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये अगदी मऊ वाटते. तेलात हे वाटण कडेने तेल सुटेपर्यंत परतायचे. ही पायरी घाईने उरकली तर रस्सा कच्चा लागतो आणि मसुरीची आमटीच खाल्ल्यासारखे वाटते. मग दोन चमचे चटणी, एक टोमॅटो, शिजलेली मसूर तिच्या पाण्यासह, आणि वरून कढत पाणी. गार पाणी घातले तर तवंग नीट येत नाही. मंद आचेवर वीस मिनिटे उकळू दिले की कडेला तांबडा कट जमा होतो. पहिल्या रविवारी मी हे कालवण, ज्वारीची भाकरी, कांदा आणि लिंबू असे ताट वाढले. सासूबाई दोन भाकरी जेवल्या आणि म्हणाल्या, "अगं, मटण न्हाई हे खरं, पर रविवार झाला." आठ महिन्यांत मला मिळालेली सर्वांत मोठी पावती ती आहे.

पांढऱ्या रस्स्याला मात्र मला पर्याय सापडला नाही, हे स्पष्ट लिहिले पाहिजे. पांढऱ्या रस्स्याचा जीवच मटणाच्या अळणी पाण्यात असतो. भाज्यांच्या पाण्यात नारळाचे दूध, काजू आणि खसखस घालून मी दोनदा प्रयत्न केला. पदार्थ वाईट झाला नाही, पण तो पांढरा रस्सा नव्हता आणि काजूंमुळे खर्चही वाढला. म्हणून महिन्यातल्या एका रविवारी आम्ही किलोभर मटण आणतो आणि त्या दिवशी तांबडा-पांढरा दोन्ही करतो. महिनाभर वाट पाहिल्यामुळे त्या जेवणाला घरात सणाचे रूप आले आहे, आणि मुलेही हाडापर्यंत निगुतीने खातात.

सोयाबीनच्या वड्यांविषयी लोक टोकाची मते देतात, आणि पहिल्या प्रयत्नानंतर माझेही मत प्रतिकूलच होते. पेठेत त्या सुट्या, 140 रुपये किलोने मिळतात. मी त्या थेट रस्स्यात सोडल्या, तेव्हा सगळ्या रस्स्याला कच्च्या सोयाबीनचा वास लागला आणि मुलाने ताट बाजूला सारले. नंतर शेजारच्या काकूंनी पद्धत दाखवली. वड्या मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात पाच मिनिटे ठेवायच्या, गार पाण्यात टाकून दोन्ही तळहातांत दाबून पिळायच्या, आणि फेसाळ, पिवळसर पाणी निघणे बंद होईपर्यंत हे दोन-तीनदा करायचे. मग त्यांना दही, हळद आणि चटणी चोळून अर्धा तास ठेवायचे आणि तव्यावर थोड्या तेलात कडा लाल होईपर्यंत परतायचे. असे केले की वड्या कालवणात विरघळल्यासारख्या मऊ पडत नाहीत आणि चावायला काहीतरी राहते. शुक्रवारी मी आता 200 ग्रॅम वड्यांचे सुके करते. 28 रुपयांच्या त्या वड्यांत साधारण 100 ग्रॅम प्रथिने असतात, कारण कोरड्या सोया वडीचा निम्मा भाग प्रथिनांचा असतो. पैशाच्या मापाने पाहिले तर मला पेठेत याहून किफायतशीर जिन्नस सापडलेली नाही. तरीही आठवड्यातून एकदाच्या वर मी त्या करत नाही. चवीचा कंटाळा आला की घरात पुन्हा कुरबुर सुरू होते.

हुलगा हे माझ्या माहेरचे कडधान्य आहे, त्यामुळे त्याच्याविषयी मी थोडी पक्षपाती असेन. हुलग्याच्या पिठाचे माडगे पावसाळ्यात आमच्याकडे सर्दी-खोकल्यावर देत, आणि शेंगोळ्या हा तर पाहुण्यांसाठी करायचा पदार्थ होता. हुलगा निवडायला वेळ लागतो. त्याच रंगाचे बारीक खडे त्यात हमखास असतात, म्हणून उजेडात, पांढऱ्या ताटात निवडावा. रात्रभर भिजवून मोड आणला तर त्याचा उग्रपणा कमी होतो. काळा वाटाणा मी कोकणी पद्धतीने, सांबार करून रांधते. तो दहा-बारा तास भिजावा लागतो आणि सहा-सात शिट्ट्या घेतो, पण त्याच्या रस्स्याला येणारा गडद रंग आणि दाटपणा पाहून यजमानांनी पहिल्या दिवशी आत काय आहे असे दोनदा विचारले. सातारा जिल्ह्यातील कोरेगाव भागातला वाघ्या घेवडा, ज्याला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे, तो नेहमी मिळत नाही आणि महाग आहे, तरी दाण्यावरचे लाल पट्टे पाहून मुलांना तो आवडतो. एक सूचना महत्त्वाची आहे: घेवडा किंवा राजमा रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, नव्या पाण्यात पूर्ण मऊ होईपर्यंत उकळूनच शिजवावा. अर्धवट शिजलेला राजमा पोट बिघडवतो, आणि मंद आचेवर नुसता शिजत ठेवून हा दोष जात नाही.

पोषणाच्या बाबतीत मला सर्वांत जास्त काळजी माझ्या नववीतल्या मुलीची होती. मटणातले लोह शरीरात सहज शोषले जाते. कडधान्यातले तितके सहज शोषले जात नाही. म्हणून उसळीबरोबर लिंबू किंवा आवळ्याचे लोणचे न चुकता देते, कारण क जीवनसत्त्वामुळे ते शोषण वाढते, आणि जेवणानंतर लगेच चहा घेण्याची घरातली सवय मी तासभर पुढे ढकलली आहे. मोड आणल्यानेही फायदा होतो. कडधान्यात जे अमिनो आम्ल कमी असते ते ज्वारी-बाजरीत असते आणि ज्वारी-बाजरीत जे कमी असते ते कडधान्यात भरपूर असते, त्यामुळे उसळ-भाकरी हे आपले जुने जेवण प्रथिनांच्या दृष्टीने एकमेकांना पूरक आहे. बी-12 जीवनसत्त्व मात्र कडधान्यातून मिळत नाही. त्यासाठी आम्ही बुधवारी कोंबडीच्या जागी अंडी ठेवली आहेत आणि दही रोज लावतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आहारमार्गदर्शनात 2000 कॅलरींच्या दिवसाच्या आहारासाठी 85 ग्रॅम डाळी-कडधान्यांचे प्रमाण दिले आहे. पाच माणसांसाठी हिशेब केला तर महिन्याला पावणेतेरा किलो होतात. आमच्या घरात डाळी धरून नऊ-दहा किलो लागतात, म्हणजे अजून आम्ही तिथवर पोचलेलो नाही.

पैशांचा हिशेब वहीतून जसाच्या तसा देते. पूर्वी महिन्याला मटणाचे 3200, कोंबडीचे 960 आणि अंड्यांचे 400, असे 4560 रुपये जात. आता एका वेळचे मटण 800, अंडी 280, डाळींव्यतिरिक्त पाच किलो कडधान्ये सुमारे 600 आणि सोया वड्या 140. खोबरे, तीळ आणि खसखस यांचा वाढीव खर्च मी 200 धरते, कारण वाटणात काटकसर केली तर सगळाच बेत फसतो. एकूण 2020 होतात. म्हणजे महिन्याला अडीच हजारांच्या आसपास वाचतात, आणि त्यातून मुलीच्या शिकवणीचे पैसे निघतात. गॅसचा खर्च मी वेगळा धरलेला नाही. नवा माल घेऊन नीट भिजवला तर सिलिंडर पूर्वीइतकेच दिवस जातो. जुन्या मालाचा एक महिना मात्र तो चार दिवस आधी संपला होता.

पेठेच्या खरेदीत अडचणी आहेत आणि त्या लहान नाहीत. दुचाकी लावायला जागा शोधावी लागते, सकाळी अकरानंतर मालाच्या गाड्या उतरू लागल्या की रस्त्यातून चालणे कठीण होते, आणि ज्यांचा मुख्य व्यवहार घाऊक आहे ते किलोच्या खाली माल देत नाहीत. नोकरी करणाऱ्या बाईला यासाठी सकाळचा एक तास राखून ठेवावा लागतो. दर सर्वत्र सारखे नसतात. एकाच दिवशी, एकाच प्रतीच्या मटकीसाठी मला दोन दुकानांत 14 रुपयांचा फरक आढळला. खडे-माती निवडण्याचे काम घरी वाढते. आमच्याकडे ते काम सासूबाईंनी आपणहून घेतले आहे. दुपारी ताट मांडीवर घेऊन त्या निवडत बसतात आणि एखाद्या महिन्याचा माल चांगला नसेल तर मला सर्वांत आधी तेच कळते.

चैत्रात घेतलेली मसूर आणि मटकी मी दोन दिवस कडक उन्हात ठेवून, गार झाल्यावर किलोमागे चमचाभर एरंडेल चोळून डब्यात भरली होती. भिजवण्यापूर्वी कोमट पाण्याने दोनदा चोळून धुतली की तेलाचा वास राहत नाही. आता आषाढ लागला आहे आणि त्या डब्यांत अजून एकही भुंगा दिसलेला नाही. परंतु नवीन माल मात्र या दिवसांत एका वेळी किलोभराच्या वर घेऊ नये. पावसाळी हवेत पोत्यांना ओल लागते, आणि गेल्या आठवड्यात घेतलेल्या चवळीला दोन दिवसांत कुबट वास येऊ लागला. ती मी परत नेली, तेव्हा दुकानदारांनी पोत्यात हात घालून स्वतः वास घेतला, माझी चवळी बदलून दिली आणि ते पोते आत नेऊन ठेवले.